ट्रॅक्टरच्या मीटरबोर्डावरचे काटे : कुठून आले आणि चिखलात का जपावेत



ट्रॅक्टर घ्यायचा म्हटला की आपण काय पाहतो? किती अश्वशक्तीचा आहे ते विचारतो, टायर पाहतो, लिफ्ट उचलून पाहतो. जुना असेल तर धुराचा रंग पाहतो. स्टिअरिंगच्या पुढे जी लहानशी पाटी असते, जिला कोणी मीटरबोर्ड म्हणतात, कोणी डॅशबोर्ड, तिच्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. तिच्यावरचे काटे बंद असले तरी सौद्यात शंभर रुपयेसुद्धा कमी होत नाहीत.

मानोरा तालुक्यात गावोगाव फिरताना मला एक सवय लागली आहे. दारात ट्रॅक्टर उभा दिसला की मी चावी फिरवायला सांगतो आणि काटे हलतात का ते पाहतो. एखादा तरी काटा मेलेला निघतोच. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "साहेब, तो घेतला तवापासूनच बंद हाय. त्याच्यावाचून काही अडत नाही."

अडते. कसे अडते ते एका तांड्यावर मी डोळ्यांनी पाहिले, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

त्या भाऊंनी पस्तीस अश्वशक्तीचा दुसऱ्या हातचा ट्रॅक्टर घेतला होता. घरचे सहा एकर, बाकी सगळी भिस्त लोकांच्या भाड्याच्या कामावर. ऑक्टोबर महिना. सोयाबीन कापून पडलेले आणि वरून परतीचा पाऊस. दोन दिवस उघडीप मिळाली तशी साऱ्या शिवाराची एकच घाई झाली. हडंबा जोडून ट्रॅक्टर सकाळपासून रात्रीपर्यंत या वावरातून त्या वावरात. पांदणीत गुडघाभर चिखल. रेडिएटरच्या जाळीवर आधी चिखल बसला, त्याच्यावर सोयाबीनचा भुसा चिकटला आणि वारा आत जायला वाटच राहिली नाही. पाणी उकळले. टेंपरेचरचा काटा बंद, त्यामुळे कळले ते वाफ निघाली तेव्हा. तोवर हेड वाकले होते, गॅस्केट गेले होते, पाणी ऑइलात उतरले होते. ट्रॅक्टर पंचवीस दिवस गॅरेजमध्ये पडून राहिला. भाड्याचा हंगाम तर गेलाच, पण त्यांच्या स्वतःच्या वावरातली ओल उडाली आणि हरभरा पेरायचा राहून गेला.

मी मीटरबोर्डाच्या मागे हात घालून पाहिले. एक तार थिंबलातून निसटून लोंबत होती. एवढेच. भाऊ म्हणाले, "काटा त बंदच व्हता साहेब, पन टॅक्टर त चालत व्हता ना!"

त्या बोलण्याला मी तेव्हा उत्तर दिले नाही. उत्तर द्यायचे तर हे काटे आले कुठून, इथपासून सांगावे लागते.

पहिला काटा वाफेच्या इंजिनाचा

ऑइलच्या काट्याची गोष्ट ट्रॅक्टर जन्माला येण्याच्याही आधी सुरू होते. एकोणिसाव्या शतकात युरोपात गिरण्या, आगबोटी, रेल्वे सगळे वाफेवर चालू लागले. बॉयलरमध्ये दाब किती चढला हे वेळेवर समजले नाही की बॉयलर फुटे आणि जवळची माणसे मरत. दाब मोजायला काचेच्या नळीत पारा भरून ठेवीत. ती नळी लांबलचक आणि नाजूक. धडधडणाऱ्या, धावणाऱ्या इंजिनावर ती टिकणार कशी?

१८४९ साली पॅरिसमधील यूजेन बुर्दों या कारागिराने यावर तोड काढली आणि तिचे पेटंट घेतले. असे सांगतात की त्याच्या कारखान्यात वेटोळे केलेली एक नळी काम करताना चेपली. ती फुगवून पूर्ववत करावी म्हणून आत दाब दिला, तर नळीचे वेटोळेच उलगडू लागले. त्याने ओळखले की चपटी वाकवलेली नळी दाबाने सरळ होऊ पाहते, आणि दाब गेला की परत वाकते. तिच्या टोकाला काटा जोडला की झाले दाबाचे घड्याळ.

हे समजायला अवघड वाटत असेल तर रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत मुलांची कागदी पिपाणी पाहा. फुंकर मारली की गुंडाळलेली कागदी जीभ सरळ होते, फुंकर थांबली की परत गुंडाळते. ऑइलच्या काट्याच्या आत जी पितळी नळी असते ती हेच करते. पावणेदोनशे वर्षांत तिच्यात मूळचा असा काही बदल झालेला नाही. तिला बॅटरी लागत नाही, वायर लागत नाही. मला विचाराल तर शेतीच्या यंत्रावर याहून प्रामाणिक चीज दुसरी नाही.

आता ऑइलचा दाब मोजायचाच कशाला? सुरुवातीच्या मोटारींत इंजिनच्या तळातले ऑइल फिरत्या भागांनी वर उडे आणि शिंतोड्यांनी सारे भाग ओले राहत. काही गाड्यांत ड्रायव्हरसमोर काचेच्या लहान नळ्या असत, त्यातून ऑइल ठिबकताना दिसे. ठिबकणे थांबले की ड्रायव्हर उतरून पाही. पुढे इंजिने जोरकस झाली, शिंतोड्यांवर भागेना, म्हणून पंपाने दाबून ऑइल बेअरिंगपर्यंत पोचवायची पद्धत आली. इंजिन टिकू लागले, पण ऑइल डोळ्यांना दिसेनासे झाले. म्हणून बॉयलरवरचा बुर्दोंचा काटा मोटारीत आला.

क्रँक आणि बेअरिंग ही दोन लोखंडे चालू इंजिनात एकमेकांना टेकत नाहीत. मधे ऑइलचा पातळ पापुद्रा असतो. तो दाबाने टिकतो. दाब गेला की लोखंडावर लोखंड घासते आणि मग तासांचा हिशेब राहत नाही, मिनिटांचा राहतो. म्हणून कोणी मला विचारले की, साहेब, एकच काटा दुरुस्त करायला पैसे आहेत, कोणता करू? तर मी डोळे झाकून ऑइलचा सांगतो. पुष्कळशा डिझेल ट्रॅक्टरांत इंजिन गरम होऊन कामाच्या वेगाने चालत असताना दाब साधारण २ ते ४ किलो दर चौरस सेंटिमीटर असतो, मंद वेगात तो उतरतो. आपल्या ट्रॅक्टरचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचे हे की रोज काटा जिथे उभा राहतो ती जागा आपल्या नजरेत बसली पाहिजे. धुऱ्यावरून चढताना किंवा ट्रॅक्टर एका अंगाला कलला असताना काटा झटकन पडत असेल, तर ऑइल कमी झाले आहे आणि पंप हवा ओढतो आहे असे समजावे. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर काढताना हे फार होते, आणि नेमके तेव्हाच आपले लक्ष मागच्या चाकाकडे असते.

उष्णतेचा आणि विजेचा

टेंपरेचरच्या काट्याचा जन्म त्या मानाने अलीकडचा. अमेरिकेत १९१२ च्या सुमारास रेडिएटरच्या झाकणावरच थर्मामीटर बसवायची टूम निघाली. बॉइस नावाच्या माणसाची कंपनी ते बनवी. ड्रायव्हरला बसल्या जागेवरून समोर बोनेटच्या टोकाला पारा चढताना दिसे. पण पाणीच संपले तर त्या झाकणातल्या थर्मामीटरला काय कळणार? मग मोजणारा भाग इंजिनच्या अंगात गेला, तिथून बारीक तांब्याची नळी काट्यापर्यंत आली, आणि नंतर नळीच्या जागी वायर आली. त्या तांड्यावर निसटलेली होती ती हीच वायर.

विजेच्या काट्याचे कारण वेगळे. १९१२ पूर्वी मोटार सुरू करायची तर पुढून हँडल मारावे लागे. हँडल उलटे फिरले तर मनगट मोडे. आपल्याकडील जुन्या ऑइल इंजिनांवर ज्यांनी हँडल मारले आहे त्यांना हे सांगायला नको. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने तयार केलेला विजेचा स्टार्टर, म्हणजे आपण ज्याला सेल्फ म्हणतो तो, प्रथम सर्रास बसवला गेला. सेल्फ आला म्हणून मोठी बॅटरी आली, बॅटरी भरायला डायनामो आला. मग बॅटरीत वीज जाते आहे की तिच्यातून निघून चालली आहे हे दाखवणारा अँपिअरचा काटा ओघाने आलाच.

हा काटा वाचायला सोपा आहे. चावी लावून दिवे लावले की तो वजाकडे झुकतो. इंजिन सुरू झाले की अधिककडे जातो आणि बॅटरी भरत आली की हळूहळू मधे येतो. इंजिन चालू असूनही वजाकडेच राहिला तर आधी पट्टा पाहावा, मग डायनामो. सतत अधिकच्या टोकाला चिकटून राहिला तर बॅटरी खराब आहे किंवा कटआउट बिघडला आहे. अशा वेळी बॅटरीतले पाणी उकळून उडते आणि आपण दुकानदाराला दोष देत नवी बॅटरी घेतो.

युद्धातली जीप आणि चिखल

आपल्या मीटरबोर्डाचा खरा पूर्वज मात्र जीप आहे, असे माझे मत आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्कराला चिखलात, वाळूत, डोंगरात कुठेही जाणारी हलकी गाडी हवी होती. १९४१ पासून विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी एकाच नमुन्याच्या जीप बनवल्या, युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर. या जीपच्या पत्र्याच्या पाटीवर पाचच घड्याळे होती : वेगाचे, पेट्रोलचे, ऑइलच्या दाबाचे, टेंपरेचरचे आणि अँपिअरचे. ऑइलचा काटा थेट नळीवर चाले, टेंपरेचरचा बारीक नळीवर. विजेवर चालणारे दोनच. बॅटरी सहा व्होल्टची. वायरिंग इतके मोजके की एखादा हुशार शिपाई दुपारी शिकून संध्याकाळी जोडू शके. गाडी चिखलात बुडाली, तारा ओल्या झाल्या, तरी इंजिन वाचवणारे दोन काटे विजेवाचून चालत राहत. युद्धात हा गुण फार मोलाचा ठरला.

युद्ध संपल्यावर १९४५ साली विलिस कंपनीने हीच गाडी शेतकऱ्यासाठी म्हणून विकायला काढली. तिच्यामागे नांगर जोडता यावा, तिच्यावर यंत्र चालवता यावे अशी सोय होती. ट्रॅक्टर म्हणून ती फारशी चालली नाही, पण शेतकऱ्याच्या यंत्रावर काय काय मोजले पाहिजे त्याचा नमुना तिने घालून दिला. आपल्याकडे महिंद्र बंधूंच्या कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा आली. ब्लॉक आला, ग्रामसेवक आला आणि ब्लॉकची जीप आली. आमच्या खात्याची सुरुवातच एका अर्थी जीपच्या चाकावर झाली म्हणा ना. आमच्याकडून निवृत्त झालेले एक जुने सहकारी सांगत असत की त्यांच्या जीपचा ड्रायव्हर वेगाच्या घड्याळाची तुटलेली केबल कधी दुरुस्त करीत नसे, पण ऑइलचा आणि टेंपरेचरचा काटा रोज सकाळी फडक्याने पुसे. विचारले तर म्हणे, "साहेब, आपल्या पांदणीत वेग असतोच कुठं? मोजायचं काय?" वऱ्हाडातील भारी काळी जमीन पावसाळ्यात फुगते, चिभडते आणि चाकाला अशी धरते की इंजिन पूर्ण जोरात आणि गाडी जागच्या जागी. अशा वेळी इंजिनची खरी हकीकत काट्यांवाचून कोण सांगणार?

ट्रॅक्टर आपल्याकडे कसा आला

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रदेश राज्यात होते आणि नागपूर राजधानी होती. त्याच राज्याच्या सागर-होशंगाबाद भागात कांस गवताने लाखो एकर जमीन गिळली होती. त्याच्या मुळ्या इतक्या खोल जातात की बैलांच्या नांगराला दाद देत नाहीत. ती जमीन सोडवायला केंद्र सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी केली. हाताशी होते ते अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेले युद्धातले ट्रॅक्टर. ते जुने झालेले होते, म्हणून सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला शेतीच्या यंत्रांसाठी एक कोटी डॉलरचे कर्ज दिले आणि नवे जड ट्रॅक्टर आले. त्याबरोबर एक मोठा प्रश्न पुढे आला. यंत्रे आली, पण यंत्रे जाणणारी माणसे कुठे आहेत? त्यातूनच १९५५ साली नर्मदेकाठी बुधनी येथे ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र निघाले. आज तिथली संस्था ट्रॅक्टरांची चाचणीही घेते, आणि तरुण शेतकऱ्यांनी तिथे जाऊन शिकावे असे मी मुद्दाम सुचवीन.

देशात बनलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबादहून बाहेर पडला, तो आयशर. त्याचे इंजिन हवेने थंड होणारे, त्यात पाणीच नाही. म्हणजे पाण्याच्या टेंपरेचरचा काटा नाही, रेडिएटर नाही आणि रेडिएटरमध्ये भुसा अडकण्याची भानगडही नाही. पण हवेच्या वाटा आणि पाती साफ ठेवावी लागतातच, हे पुष्कळजण विसरतात. १९६३ साली महिंद्र आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांची भागीदारी झाली आणि मुंबईत कांदिवलीला बी-२७५ हा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. १९७४ साली पंजाबात मोहालीहून स्वराज आला, तो तर दुर्गापूरच्या आपल्याच संशोधन संस्थेत आखलेला.

या ट्रॅक्टरांच्या पाटीवर जीपच्या वेगाच्या घड्याळाची जागा तासाच्या मीटरने घेतली. शेतात किलोमीटरचा उपयोग नाही, काम तासाने मोजले जाते. ऑइल बदलायचे ते तासाने, नांगरटीचे भाडे ठरते तेही तासाने. इथे एक गोष्ट सांगतो, जी भाड्याने काम करणाऱ्या आणि करून घेणाऱ्या दोघांनाही ठाऊक हवी. केबलवर चालणारे जुने मीटर घड्याळासारखे वेळ मोजत नाही, ते इंजिनच्या फेऱ्या मोजते. समजा ते मिनिटाला १५०० फेऱ्यांवर बांधलेले आहे. इंजिन १००० फेऱ्यांवर चालवले तर हातातल्या घड्याळाचा एक तास होतो तेव्हा मीटरवर ४० मिनिटेच होतात. यावरून धुऱ्यावर उभे राहून झालेली भांडणे मी ऐकली आहेत. दोघेही खरे बोलत होते, एक मनगटाकडे पाहून आणि दुसरा पाटीकडे पाहून. भाडे कोणत्या घड्याळावर, हे नांगर जमिनीत घालण्याआधी ठरवून घ्या. त्याच मीटरवर ५४० असा एक खुणेचा आकडा असतो, तो पीटीओच्या फेऱ्यांचा. हडंबा त्या खुणेवर चालवला तर दाणा फुटत नाही आणि भुशात दाणाही जात नाही.

वायरिंग : खरा शत्रू चिखल

काटे बंद पडतात ते बहुधा स्वतः बिघडून नव्हे, त्यांच्यापर्यंत येणारी तार किंवा अर्थ गेल्यामुळे. ट्रॅक्टरमध्ये प्रत्येक दिव्याला एकच तार जाते, परतीची वाट म्हणजे ट्रॅक्टरचे लोखंडी अंग. त्या अंगाला बॅटरीचे एक टोक जोडलेले असते. ही सांधजोड चिखलाने, गंजाने किंवा रंगाच्या थराने अडली की सगळा गोंधळ होतो. एक खूण ध्यानात ठेवावी. पुढचे दिवे लावले की डिझेलचा किंवा टेंपरेचरचा काटा आपोआप हलत असेल, तर मीटर बदलू नका, पाटीची अर्थ तार पाहा. बोल्ट काढून लोखंड चकचकीत घासावे, थिंबल घट्ट आवळावे आणि वरून व्हॅसलिन लावावे. खर्च काही नाही.

ब्रिटिश बनावटीच्या बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन टोक अंगाला जोडलेले असे, आजच्या ट्रॅक्टरांत ऋण टोक असते. जुन्या ट्रॅक्टरवर नवा अल्टरनेटर चढवताना हे पाहिले नाही तर अल्टरनेटर जोडता क्षणीच जळतो. चौकशी केल्याशिवाय टोके बदलू नका.

विजेवरचा टेंपरेचरचा काटा मेला असेल तर मिस्त्रीकडे जाण्याआधी घरी एक परीक्षा करता येते. चावी लावा, इंजिनवर बसवलेल्या सेन्सरची तार काढा आणि तिचे टोक क्षणभर लोखंडाला टेकवा. काटा एका टोकाकडे धावला तर काटा आणि तार दोन्ही शाबूत आहेत, दोष सेन्सरचा. हलला नाही तर तार, अर्थ किंवा मीटर. टोक टेकवून धरून बसू नका, मीटर जळेल. ही परीक्षा साध्या जुन्या मीटरांसाठीच आहे.

रात्रीच्या नांगरटीसाठी आपण मागे जादा दिवा लावतो, तिथे मोठी चूक होते. ५५ वॅटचे तीन दिवे म्हणजे १६५ वॅट. बारा व्होल्टवर ते जवळपास १४ अँपिअर ओढतात. घरातल्या बल्बची बारीक तार एवढा प्रवाह सोसत नाही, ती गरम होते आणि तिचे आवरण वितळते. सामाईक तार निदान अडीच चौरस मिलिमीटरची, बारीक तारांच्या गुच्छाची घ्या. एकेरी जाड तार ट्रॅक्टरच्या हादऱ्याने आतून तुटते आणि बाहेरून दिसतही नाही. फ्यूज बॅटरीच्या जवळ बसवा. उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी किंवा खिळा घालणारे मी पाहिले आहेत. फ्यूज उडतो याचा अर्थ कुठेतरी तार उघडी पडून लोखंडाला लागते आहे. खिळा घातला की तो संदेश बंद होतो आणि जळते ती तार.

अँपिअरच्या काट्याच्या मागे दोन जाड तारा असतात. दिव्यांचा आणि बॅटरी भरण्याचा बहुतेक सगळा प्रवाह तिथून जातो आणि पुष्कळदा तिथे फ्यूज नसतो. तिथला नट ढिला झाला की तो तापतो, ठिणगी पडते. ट्रॅक्टर सोयाबीनच्या गंजीला लागून उभा असताना ही ठिणगी काय करील ते सांगायची गरज नाही. पुढे अल्टरनेटर आले, प्रवाह वाढला आणि कारखान्यांनी अँपिअरचा काटा हळूहळू काढून त्याच्या जागी व्होल्टचा काटा किंवा दिवा बसवला, त्यामागे हेही एक कारण होते. व्होल्टचा काटा असेल तर इंजिन चालू असताना तो १४ च्या आसपास राहावा.

चिखल धुताना पंपाचा जोराचा फवारा मीटरबोर्डावर, अल्टरनेटरवर आणि तारांच्या जोडांवर मारू नका. धुतल्यावर ट्रॅक्टर तासभर उन्हात ठेवावा. आणि उंदीर! हिवाळ्यात ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहिला की उंदीर तारांचे आवरण कुरतडतात. कडब्याच्या ढिगाशेजारी ट्रॅक्टर उभा करू नये, एवढा उपाय मला तरी लागू पडलेला दिसला.

काटा की दिवा?

अमेरिकेत १९३० च्या दशकात मोटारींत काट्याऐवजी लाल दिवा देण्याची पद्धत सुरू झाली. स्वस्त पडते आणि ड्रायव्हरला वाचावे लागत नाही. तिथले मिस्त्री थट्टेने त्याला मूर्खाचा दिवा म्हणत आले आहेत. मी इतके कठोर बोलणार नाही, पण फरक जाणून घ्या. ऑइलचा दाब हळूहळू उतरत चालला आहे हे काटा आठवडाभर आधी सांगतो. दिवा लागतो तो दाब गेल्यावर. शिवाय दिवसा उन्हात, तोंडावर धूळ, अशा वेळी लहानसा लाल दिवा दिसत नाही. बल्बच गेला असेल तर प्रश्नच मिटला. म्हणून चावी लावताच, इंजिन सुरू होण्यापूर्वी, लाल दिवा लागतो की नाही हे रोज पाहा. तो लागलाच नाही तर आनंद मानू नका.

१ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे नियम लागू झाले. त्यातील अनेकांत डिझेलची फवारणी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होते आणि पाटीवर आकडे व चिन्हे उमटतात. त्यांच्या तारांना स्वतः हात लावू नये, तार टोचून दिवा लावण्याची जुनी युक्ती तिथे करू नये. एका दिव्यापायी महागडा भाग जळतो. अशा ट्रॅक्टरला जादा दिवा हवा असेल तर कंपनीने दिलेल्या जागेवरूनच तो घ्यावा. आपल्या तालुक्यात मात्र अजून जुने, काट्यांचे ट्रॅक्टरच जास्त दिसतात, आणि ते अजून पुष्कळ वर्षे वावरात राबतील.

तांड्यावरच्या त्या भाऊंचा ट्रॅक्टर पुढच्या खरिपात मी पुन्हा पाहिला. टेंपरेचरचा काटा चालू होता आणि काचेवर लाल रंगाची एक बारीक रेघ ओढलेली होती. भाऊ हडंब्यात पेंढ्या टाकत होते. त्यांचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा धुऱ्यावर बसला होता, हडंब्यापासून चांगला लांब. मी विचारले, "काय रे, शाळा नाही का आज?" तो म्हणाला, "सुट्टी हाय साहेब. बाबानं सांगतलं, काटा रेघीजवळ आला की हाक मार." थोड्या वेळाने त्याने हाक मारली. ट्रॅक्टर थांबला, भाऊंनी पीटीओ सोडला, इंजिन थोडा वेळ मंद चालू ठेवले आणि मग बंद केले. पंखा थांबल्यावर त्यांनी कुंच्याने जाळीवरचा भुसा झाडला. मुलगा म्हणाला, "आज चौथ्यांदा."